डाव्या पायाचं पाव इंच

माझ्या सासऱ्यांनी मला उद्देशून उच्चारलेलं पहिलं वाक्य होतं, "उजवा खांदा पाव इंच खाली आहे."

लग्न ठरायच्या आधी मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेले होते. चहा झाला होता, सासूबाई माझ्या नोकरीची चौकशी करत होत्या, आणि हे गृहस्थ कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून, ठाणातलं कापड बघावं तसं माझ्याकडे बघत होते. मी तेव्हाही शाळेत शिकवत होते आणि वह्यांची पिशवी रोज उजव्या खांद्यावरून वाहत होते, पण ते त्यांना कोण सांगणार? घरी येऊन मी आरशासमोर बराच वेळ उभी राहिले आणि ठरवून टाकलं की या घरात लग्न करायचं नाही. पंधरा दिवसांनी त्यांच्याकडून एक कोट आला. उजव्या खांद्याला आतून कापसाची एक पातळशी गादी घातलेली होती. तो घातला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सरळ दिसले. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

सासरे, म्हणजे बाबा, टेलर. गावात त्यांना सगळे 'पाव इंच' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण त्यांना ठाऊक आहे आणि मनातून ते आवडतंही. दुकान बाजाराच्या रस्त्यावर, एका छायाचित्रकाराच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. चढायला एकोणीस पायऱ्या. वर एक लांबलचक खोली, रस्त्याकडे तीन खिडक्या, मधोमध कापायचं टेबल, एका भिंतीला माणसाच्या उंचीचा आरसा आणि खिडकीशी पायानं चालवायचं शिलाई यंत्र. या खोलीत येणारा माणूस सुटलेलं पोट, पोक, बारकी छाती असं काहीबाही घेऊन येतो आणि जाताना ते इथंच ठेवून जातो. निदान आरशात तरी तसं दिसतं. "माणूस कसाही असू दे, कापड सरळ पडलं पाहिजे," हे त्यांचं तत्त्वज्ञान. कपड्याच्या शिवणीत दोन बोटं जास्तीच्या कापडाची माया आत सोडायची, म्हणजे गिऱ्हाईक सुटलं तरी कपडा वाया जात नाही, हा त्यांचा नियम. आणि पँटचं टोक घ्यायचं, म्हणजे पायाशी लांबी ठरवून टाचायची, ते गुडघा जमिनीला टेकूनच, ही त्यांना शिकवणाऱ्या थोरल्या मास्तरांची आज्ञा. उभ्यानं किंवा वाकून टोक घेणाऱ्याला थोरले मास्तर टेलर म्हणत नसत, कसाई म्हणत. बाबांनी जन्मात कुणापुढे गुडघे टेकले नाहीत, पण पँटपुढे दिवसातून वीस वेळा टेकले. तेही बावन्न वर्षं.

आता ज्या गुडघ्यावर बावन्न वर्षं असा धंदा चालला, तो कधीतरी हिशेब मागणारच. बाबा एकाहत्तर वर्षांचे झाले आणि डावा गुडघा कुरकुरायला लागला. आम्हाला घरात तेवढंच माहीत होतं. विचारलं की म्हणायचे, "वयाचं आहे." चालायचे हळू, पण पँट अशी नेटकी पडलेली असायची की वाटायचं, ठीक आहे, वयाचंच असेल.

भांडं फुटलं ते बागेत, एका रविवारी. नगरपालिकेचा बँड दर रविवारी तिथं वाजवतो. बँडमास्तर हे बाबांचं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. बुटके, गोल आणि अतिशय सभ्य. त्या दिवशी ते नवी पांढरी पँट घालून आपल्या लाकडी चौथऱ्यावर चढले, दोन्ही हात उंचावले, आणि पँटही त्यांच्याबरोबर उंचावली. खाली दोन बोटं मोजे दिसायला लागले, तेही निळे. लोकांना त्यात काही वाटलं नाही. बाबा माझ्या शेजारी तिसऱ्या बाकावर बसले होते. त्यांनी त्या दिवशी एक सूरही ऐकला नाही, नुसते मोजे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी बँडमास्तर दुकानात आले. मी शाळेत जाताना बाबांचा डबा द्यायला गेले होते, म्हणून हे मी स्वतः ऐकलं.

"टेलरसाहेब, पँट अगदी झकास," ते म्हणाले. "फक्त खालून हवा जरा जास्त खेळते."

बँडमास्तर गेल्यावर बाबांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली.

"बाबा, कापताना चुकलं का?"

"कापताना नाही, मापताना. सहा महिने झाले, मी गुडघा टेकलेला नाही. टेकला तर उठता येत नाही. अंदाजानं घेतो टोक."

बावन्न वर्षांत पाव इंच न चुकलेला माणूस पाऊण इंच चुकला होता. आणि तो का चुकला हे त्याला सहा महिने माहीत होतं.

घरी अर्थातच बैठक बसली. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करण्याच्या कामावर आहे, त्यामुळे जिन्यांबद्दल त्याचं मत आधीपासूनच वाईट. तो म्हणाला, "बाबा, एकोणीस पायऱ्या रोज दोनदा. पुरे झालं आता. किल्ली जागेच्या मालकाला परत देऊ, घरी बसून काय शिवायचं ते शिवा."

"घरी बसून माणूस बटणं शिवतो," बाबा म्हणाले.

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "यांची अक्कल पहिल्यापासून गुडघ्यात. तो दुखायला लागल्यावर दुसरं काय होणार?"

बराच वेळ ओढाताण झाली आणि शेवटी तह झाला. तीन महिन्यांनी शाळा उघडणार होत्या. आमच्या शाळेच्या गणवेशाचं काम दरवर्षी बाबांकडे असतं, दीडशेच्या वर पँटी. तेवढ्या मुदतीत गुडघा ताळ्यावर आला आणि हंगाम नीट पार पडला, तर दुकान राहील. नाहीतर किल्ली परत. बाबांनी मान डोलावली. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. दुकान गेलं असतं तर हा माणूस फार दिवस टिकला नसता, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

डॉक्टरांनी फोटो काढला, गुडघ्यातली गादी झिजली आहे म्हणाले. आधी घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी बाबांचं पोट बिघडलं होतंच, म्हणून त्या अगदी गरजेपुरत्याच ठेवल्या आणि म्हणाले, "खरं औषध खालच्या मजल्यावर आहे. व्यायामाच्या बाईंकडे जा."

व्यायामाच्या बाई तिशीच्या, आखूड केसांच्या, बोलण्यात अजिबात लाडीगोडी नसलेल्या. त्यांच्या खोलीत मोठा आरसा होता. तो बघून बाबांना जरा घरच्यासारखं वाटलं असावं.

"आजोबा, डावी पँट गुडघ्याच्या वर घ्या."

"घेता येणार नाही."

"लाजू नका."

"लाजत नाही. खाली तिचा घेर चौदा इंच आहे. वर जाणारच नाही."

बाईंनी प्रयत्न करून पाहिला. खरंच गेली नाही. "मग उद्या हाफ पँट घालून या," त्या म्हणाल्या.

बाबांकडे हाफ पँट नव्हती. सातव्या वर्षानंतर त्यांनी ती घातलेली नव्हती. त्यांनी दुकानात जाऊन राखाडी सुटाच्या कापडाची एक हाफ पँट बेतली. आत अस्तर, समोर कडक इस्त्रीची घडी, कमरेला घड्याळाचा छोटा खिसा. दुसऱ्या दिवशी बाईंनी आधी ती पँट दोन्ही बाजूंनी बघितली आणि मग गुडघ्याकडे वळल्या. गुडघा मात्र त्या मानानं अगदीच सुमार निघाला. पुरता वाकत नव्हता आणि पुरता सरळही होत नव्हता. 'मोडेन पण वाकणार नाही' ही म्हण त्यानं फारच मनावर घेतली होती.

बाईंनी दोन पट्ट्यांचं एक साधन लावून कोन मोजला.

"इंचात किती?" बाबांनी विचारलं.

"हे अंशात मोजतात."

बाबांना ते पटलं नाही. त्यांनी खाटेवर पाय लांब केला, गुडघ्याखाली जी पोकळी राहत होती तिच्यात टेप घातली आणि म्हणाले, "पावणेदोन इंच. उजव्या पायाला पाव इंचसुद्धा नाही." बाईंनी टेपवरचा आकडा पाहिला. म्हणाल्या, "चालेल. हेच मोजा रोज."

व्यायाम ऐकायला अगदी किरकोळ होते. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची, गुडघ्यानं ती दाबायची, दहा आकडे म्हणायचे, सोडायची. असं दहा वेळा, दिवसातून दोनदा. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार ते वाटून घेतात, बाई म्हणाल्या. काठीही दिली. बाबांनी ती डाव्या हातात धरली, दुखऱ्या बाजूला. "उजव्या हातात," बाई म्हणाल्या. "दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. डावा पाय पुढे पडेल तेव्हा काठीही पुढे पडली पाहिजे." एकोणीस पायऱ्यांसाठी वेगळा नियम होता. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. बाबा पहिल्या दिवशी मधल्या पायरीवर उभे राहून हे पाठ करत होते आणि खालचा छायाचित्रकार वर बघत होता.

इथवर सगळं बरं चाललं होतं. पण टेलरच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली असते. काम अर्जंट असेल तर जास्त वेळ बसायचं आणि उरकायचं. बाबांनी हिशेब मांडला. रोज वीस वेळा करून तीन महिने लागणार असतील, तर रोज दोनशे वेळा केलं की नऊ दिवसांत गुडघा तयार. दुकानात कापायच्या टेबलावर आडवे होऊन ते सकाळ, दुपार, संध्याकाळ टॉवेल दाबत बसले. आम्हाला पत्ता नाही. पाचव्या दिवशी सकाळी त्यांना पलंगावरून उतरता येईना. टेप लावली तर गुडघ्याचा घेर सव्वा इंचानं वाढलेला.

"उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग," सासूबाई गरम पाण्याची पिशवी शोधत म्हणाल्या. "लग्नातही असेच होते."

माझा नवरा गंभीर झाला. दार लावून घेत मला म्हणाला, "मी आज मालकाला फोन करतो."

"तीन महिने ठरलेत," मी म्हणाले. "अजून तीन आठवडेही झाले नाहीत. फोन केलास तर मी या घरात तुझ्याशी बोलणार नाही." मी बोलून गेले खरी, पण आतून मलाही वाटत होतं की संपलं. मला त्यांचा इतका राग आला होता की त्या दिवशी मी पलंगावर ताट देतानाही काही बोलले नाही.

बाईंनी मात्र आवाजही चढवला नाही. सूज उतरेपर्यंत थंड पट्ट्या ठेवा म्हणाल्या, आणि थोडंफार हलत राहा, पडून राहू नका.

"मला वाटलं, जास्त केलं की लवकर होईल," बाबा म्हणाले.

"मास्तर, तुम्ही कोट एका दिवसात शिवता. पण गिऱ्हाईकाला ट्रायलला किती वेळा बोलावता?"

"दोनदा. नाजूक काम असेल तर तीनदा."

"का? एकदमच का नाही शिवून टाकत?"

बाबांनी टेप गुंडाळून खिशात ठेवली. बाई म्हणाल्या, "करताना थोडं दुखलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल, तर समजायचं जास्त झालं. मग कमी करायचं. बंद नाही, कमी."

त्या दिवसापासून बाईंचं 'आजोबा' गेलं आणि 'मास्तर' आलं, त्यामुळे असेल किंवा ट्रायलचा दाखला नेमका लागला म्हणून असेल, बाबांनी कानाला खडा लावला. दहा म्हणजे दहा. अकरावा नाही. आरशाशेजारच्या भिंतीवर ते कापडावर खुणा करायच्या खडूनं रोजचा आकडा लिहायला लागले. पावणेदोन. पावणेदोन. पावणेदोन. असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी 'पावणेदोनला दोन दोरे कमी' असं लिहिलेलं दिसलं. मी विचारलं, दोरे हे काय माप आहे? म्हणाले, "तुला नाही कळणार."

सकाळी उठल्यावर गुडघा आखडलेला असायचा, म्हणून शेकायचं. त्यासाठी त्यांनी आपली पद्धत काढली. जाड लोकरी कापडाच्या चार घड्या करायच्या, इस्त्रीनं गरम करायच्या, इस्त्री बाजूला ठेवायची, कापड आधी मनगटाला लावून बघायचं आणि मग गुडघ्यावर. कापड नेमकं किती तापलं हे जगात कुणाला कळत असेल तर इस्त्रीवाल्याला. यंत्राशी बसायचं स्टूल चार इंच उंच केलं, म्हणजे उठताना गुडघ्याला कमी जोर. पातळ तळाचे चकचकीत बूट गेले, जाड मऊ तळाचे आले. त्या बुटांची त्यांना लाज वाटायची, म्हणून एक पँट थोडी पुढे पडेल अशी बेतली. आणि बाईंनी सांगितलं होतं, रोज सपाट रस्त्यावर चाला. तर संध्याकाळी सासूबाई आणि ते बागेला फेरी मारायला लागले. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ही दोघं पहिल्यांदाच रोज एकत्र चालत होती, कारण त्याआधी संध्याकाळी बाबा दुकानात असायचे. पहिल्या आठवड्यात एक फेरी, मग दीड, मग दोन. सासूबाईंना काय बोलू आणि काय नको असं व्हायचं. बाबांना पळता येत नव्हतं, म्हणून ते ऐकत होते.

दोन महिने झाले तेव्हा भिंतीवर 'सव्वा इंच' होतं. बाबा काठीशिवाय घरात वावरत होते, एकोणीस पायऱ्या न थांबता चढत होते. आम्ही सगळे खुशीत होतो. फक्त बाबा नव्हते. त्या आठवड्यात त्यांनी बाईंना विचारलं, "गुडघा टेकता कधी येणार?"

"जमिनीवर? बहुतेक नाही येणार," बाई म्हणाल्या. "आणि जमलं तरी दिवसातून वीस वेळा नकोच. जे जमतंय ते टिकवायचं असेल तर ते सोडावं लागेल."

"मग माझा उपयोग काय?"

"तो मी नाही मोजू शकत, मास्तर."

बाबा घरी आले आणि चार दिवस मूग गिळून बसले. दुकानात जायचे, यायचे, भिंतीवर आकडा लिहायचे, पण बोलणं नाही. व्यायाम करायचे ते सासूबाई समोर उभ्या राहायच्या म्हणून. गणवेशाचं कापड येऊन पडलं होतं. त्या ठाणांना त्यांनी हात लावला नव्हता. दीडशे पँटींची टोकं अंदाजानं घ्यायची नाहीत आणि गुडघा टेकायचा नाही, म्हणजे हंगाम सुरू होण्याआधीच बुडाला होता. नवरा मला काही म्हणाला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर मालकाचा फोन नंबर दिसत होता.

पाचव्या दिवशी मी दुकानात गेले तर बँडमास्तर आलेले. त्यांना दुसरी पँट हवी होती. बाबा त्यांना सांगत होते, "दुसरा टेलर बघा. मला आता तुमच्या पायापर्यंत पोचता येत नाही."

बँडमास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"टेलरसाहेब, मी किती उंच आहे?"

"पाच फूट दीड इंच."

"मागच्या रांगेतला ढोलवाला सहा फूट. मी जमिनीवर उभा राहिलो असतो तर त्याला माझा हात दिसला असता का? एकतीस वर्षं मी चौथऱ्यावर उभा राहून बँड चालवला. बँडनं खाली वाकून माझ्याकडे बघावं, असं मला कुणी म्हटलं नाही. मला उचलून वर ठेवलं, काम झालं."

बाबा म्हणाले, "त्याचा इथे काय संबंध?"

"नगरपालिकेनं नवा चौथरा दिलाय. जुना माझ्या घरी पडून आहे."

दुसऱ्या दिवशी बँडमधले दोघे वादक तो चौथरा एकोणीस पायऱ्या चढवून वर घेऊन आले. सागवानी, दीड हात उंच, वर चढायला एक छोटी पायरी, एका बाजूला धरायला दांडा. बाबांनी त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. हाताच्या अंतरावर खुर्ची ठेवली, बसले, उठले, खुर्ची जरा मागे केली, पुन्हा बसले. मग बँडमास्तरांना म्हणाले, "चढा."

बँडमास्तर चढले. सवयीनं त्यांचे दोन्ही हात वर गेले.

"हात खाली."

त्यांचे पाय बरोबर बाबांच्या छातीसमोर आले होते. बाबांनी टाचण्या ओठात धरल्या, कापड बोटांनी सारखं केलं, डोळा बारीक केला आणि एकेक टाचणी लावत गेले. शेवटची टाचणी लावून ते म्हणाले, "थोरले मास्तर जमिनीवरून बघायचे. त्यांना टोक खालून दिसायचं. इथून समोर दिसतं." आणि थोड्या वेळानं, "समोरून जास्त बरं दिसतं." थोरल्या मास्तरांच्या विरोधात त्यांना बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

तो हंगाम पार पडला. पोरं चौथऱ्यावर चढायला आपापसात भांडायची. ज्यांना नवी पँट नको होती तीही चढून गेली. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना मात्र तेवढी पायरीही जड जायची. "चांगला पाय आधी," बाबा खुर्चीतून सांगायचे. कुणी गुडघा धरून चढलं की टाचण्या बाजूला ठेवून त्याला टॉवेलची गुंडाळी कशी दाबायची ते दाखवायचे, आणि पुढे दम द्यायचे, "दहाच. अकरावा नाही. अति तिथे माती, मी करून बसलोय." गुडघा पूर्ण बरा झाला असं नाही. गारठ्याच्या दिवशी दुखायचा, जास्त उभं राहिलं की दुखायचा. पण आता त्याचं दुखणं बाबांच्या ओळखीचं झालं होतं. केव्हा बसायचं, केव्हा शेकायचं, हे त्यांना कळत होतं.

माझ्या नवऱ्यानं मालकाला फोन केला. मी दारामागून ऐकत होते. तो म्हणाला, "जिन्याला दुसऱ्या बाजूनंही कठडा लावायचाय. मीच लावतो, तुमची परवानगी हवी." त्या रविवारी तो सकाळपासून जिन्यात बसून भोकं पाडत होता. दुकान बंद करण्याची भाषा त्यानं पुन्हा काढली नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही बागेत गेलो. बँडमास्तरांनी नव्या चौथऱ्यावर उभं राहून दोन्ही हात उंचावले आणि पँटचं टोक बुटावर होतं तिथंच राहिलं. कार्यक्रम संपल्यावर बाबा टाळ्या वाजवायला उठले. हात न टेकता, सरळ. मी बसलेलीच होते, म्हणून मला दिसलं. त्यांच्या डाव्या पँटखालून मोजा दिसत होता. उजव्या बाजूला नाही, फक्त डाव्या. ज्या माणसानं दुसऱ्याच्या मोज्यासाठी इतकं रामायण केलं, त्याची स्वतःची पँट एका पायात आखूड होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दुकानात गेले. म्हणाले, "बाबा, रागावू नका. तुमची डावी पँट वर जाते."

"तीन आठवडे झाले," ते म्हणाले. "तुला कधी दिसतंय ते बघत होतो."

मग ते चांगला पाय आधी टाकून चौथऱ्यावर चढले आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. "बस. आपलं टोक आपल्याला घेता येत नाही. वाकलं की माप बदलतं."

मी खुर्चीत बसले, कात्रीच्या टोकानं डाव्या पायाची शिवण उसवली आणि आतली दुमड उलगडली. अर्धा इंच कापड जास्तीचं आत होतं. उजव्या पायात तसं नव्हतं. आतल्या कापडाचा रंग ताजा होता, बाहेरचा विटलेला. ही दुमड नवी नव्हती.

"हे कधी केलंत?"

"दोन वर्षं झाली. गुडघा सरळ होईना, डावा पाय आखूड पडायला लागला. पँट बुटावर गोळा व्हायची. तुम्हाला दिसलं असतं. म्हणून सगळ्या पँटींना केलं. आता पाय सरळ होतोय, तर तेच आखूड पडतंय."

दोन वर्षं. एका घरात राहून, एका टेबलावर जेवून, आम्हाला काही दिसलं नव्हतं, कारण त्यांनी ते दिसू दिलं नव्हतं. जगाचं वाकडं सरळ दाखवणाऱ्या माणसानं स्वतःचा पायही आमच्यापासून अर्ध्या इंचात लपवला होता. त्यांचा राग येत होता आणि माझा जास्त येत होता. मला रडू आलं आणि टाचण्या दिसेनाशा झाल्या.

"कापलं का नाहीत?" मी कसंबसं विचारलं. "दुमडून कशाला ठेवलंत?"

"कापलेलं परत जोडता येत नाही," ते म्हणाले. "रड नंतर. आधी टोक घे."

मी कापड बुटावर सोडून बघितलं. पूर्ण अर्धा इंच सोडलं तर ते गोळा होत होतं. थोडं वर घेतलं, पुन्हा थोडं. मग ते बरोबर पडलं. भिंतीवर त्या दिवशी 'एक इंच' लिहिलेलं होतं.

"पाव इंच सोडायचं," मी म्हणाले. "उरलेलं पाव?"

"राहू दे आत. बाई म्हणाल्या, अजून सहा महिने."

मी टाचण्या लावल्या. सहा टाचण्या, सारख्या अंतरावर. वर बघितलं तर ते उंचावरून माझ्याकडे बघत होते, पहिल्या दिवशी कोपऱ्यातल्या खुर्चीतून बघत होते तसेच.

"उजवा खांदा अजून पाव इंच खाली आहे तुझा," ते म्हणाले. "बुधवारी बाईंकडे जाऊन ये. मी सांगून ठेवलंय. आणि तो कोट आण इकडे, गादी काढायची आहे."